सुपारी ठरली, यात्रा आली

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की साधारण ७५ किलोमीटरवर नारायणगाव येतं. एरवी हे टोमॅटोचं गाव. पण गुढीपाडव्याच्या आगेमागे इथे दुसराच बाजार भरतो. ओळीने राहुट्या उभ्या राहतात, प्रत्येकीवर एकेका तमाशा फडाचं नाव आणि फडमालकाचा फेटेवाला फोटो. आत चार खुर्च्या, पाण्याचा जार, कापडाला टाचलेलं कॅलेंडर आणि मॅनेजरच्या मांडीवर जाडजूड डायरी. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची पाच-सहा माणसं जीपमधून उतरतात, दोन-तीन राहुट्यांत चहा पितात, चौथ्या राहुटीत सुपारी देतात. सुपारी म्हणजे तमाशाचा करार. विसार दिला, डायरीत तारखेपुढे गावाचं नाव चढलं, की त्या गावाची यात्रा आली असं समजायचं. नारायणगावाला तमाशा पंढरी म्हणतात ते यामुळे.

या राहुट्यांत भाव पंचांग ठरवतं. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती, त्यामुळे त्या रात्री शेकडो गावांना तमाशा हवा. चैत्र वद्य अष्टमीला भैरवनाथाची गावं येतात. अक्षय्य तृतीयेलाही तीच गर्दी. एकाच रात्रीवर दहा गावांचा डोळा असला की मॅनेजर डायरी मिटून बाजूला ठेवतो आणि पान लावत बसतो. ज्या गावाची यात्रा भाकड तारखेला येते, त्या गावाला तोच फड निम्म्या-पाऊण रकमेत मिळतो. म्हणून मोठ्या तिथीच्या देवाची गावं खर्चात पडतात आणि आडबाजूच्या एखाद्या वाडीत मात्र नामांकित फड उतरलेला दिसतो. कमिटीतल्या माणसांना हे सगळं तोंडपाठ असतं. बोलणी करायला ते गावातल्या सर्वात श्रीमंत माणसाला कधीच पाठवत नाहीत, सर्वात चिकट माणसाला पाठवतात.

जुन्नर, आंबेगाव, खेड या तीन तालुक्यांत चैत्र-वैशाख म्हणजे यात्रांचा हंगाम. वर्षभर इथे काही ना काही असतंच. ओतूरला श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या मंदिरात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, त्या बघायला आणि कुस्त्यांना लोक लोटतात. आणे गावात हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या यात्रेला भाकरी घरोघरून येतात, आमटी देवळापाशी मोठाल्या कढयांत शिजते, आणि ती आमटी खाण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं सुटी काढून जातात. पण ही ठरावीक स्थानं झाली. चैत्रातली यात्रा ज्याच्या त्याच्या गावची असते. तिचा देव बाहेरच्यांना माहीत नसतो, तिला कुणी पर्यटक येत नाही, आणि तिच्यावाचून गावाचं वर्ष सुरू होत नाही.

यात्रा चैत्रात येण्याला शेतीचं कारण आहे. गहू-हरभरा निघालेला असतो, कांदा काढून वखारीत टाकलेला असतो, पाऊस दोन महिने लांब. पूर्वी या दिवसांत हाताला काम नसे आणि हातात थोडे पैसे असत. आता कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या धरणांचं पाणी फिरल्यापासून शेताला उन्हाळी सुटी अशी राहिली नाही. ऐन यात्रेत टोमॅटोच्या रोपांना पाणी द्यावं लागतं. तरी तिथी हलली नाही. देवाची तारीख बदलायची गोष्ट काढली तर सभा तिथेच मोडेल.

सभा साधारण शिमग्यानंतर होते, देवळाच्या पारावर किंवा सभामंडपात. विषय एकच: यंदा पट्टी किती? पट्टी म्हणजे घरटी वर्गणी. कुठे ती उंबऱ्यावर धरतात, कुठे कर्त्या पुरुषावर. वेगळे राहिलेले दोन भाऊ एक पट्टी देणार की दोन, यावर तास जातो. ज्याने गेल्या वर्षीची दिली नाही त्याचं नाव सगळ्यांदेखत वाचतात. भाऊबंदकीतले वाद कोर्टात दहा-दहा वर्षं पडून राहतात, पण वेगळी चूल मांडली हे गावाने मान्य केलं की नाही, याचा पुरावा म्हणून यात्रेची पावती दाखवणारी माणसं आहेत. ग्रामपंचायतीची घरपट्टी थकवणारा माणूस यात्रेची पट्टी थकवत नाही. ग्रामपंचायतीने थकबाकीची यादी फलकावर लावली तर त्याला काही वाटत नाही. यात्रेच्या यादीत नाव वाचलं गेलं तर मात्र त्याची बायको पाणवठ्यावर मान वर करू शकत नाही. आता पाणवठे उरले नाहीत, पण व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे आणि तो पाणवठ्यापेक्षा निर्दय आहे.

शेतमालाचा भाव आणि पट्टी यांचं नातं जवळचं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता. असं वर्ष गेलं की पावती फाडताना कुरकुर होत नाही, वर कुणी शोभेच्या दारूकामाचा खर्च एकटा उचलतो. ज्या वर्षी तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतावा लागतो, त्या वर्षी कमिटी तमाशाऐवजी भजनाचा कार्यक्रम ठेवू या, असं सुचवून बघते. तरुण पोरं ते हाणून पाडतात.

पट्टीचा मोठा हिस्सा गावाबाहेरून येतो. या तालुक्यांनी मुंबईला माथाडी दिले, भाजी मार्केटात पाट्या उचलणारे दिले आणि डबेवाले दिले. मुंबईच्या डबेवाल्यांची गावं म्हणजे मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि पलीकडचं अकोले. दर वर्षी एप्रिलच्या आसपास चार-पाच दिवस मुंबईत डबा येत नाही, त्याची बातमी छापून येते, आणि सुटीचे पैसे कापू नका अशी विनंती डबेवाल्यांची संघटना ग्राहकांना करते. मुंबईकर वाचक ही बातमी गंमत म्हणून वाचतो. डबेवाल्यांच्या कामातल्या शिस्तीवर व्यवस्थापनाच्या वर्गांतून पुष्कळ बोललं गेलं, पण त्या शिस्तीची वर्षातली ही मोठी सामूहिक सुटी गणपतीची नाही, दिवाळीची नाही, ग्रामदैवताच्या यात्रेची आहे, याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. दिवाळीला हा माणूस दादरला डबे पोचवत असतो. पालखीला खांदा द्यायला मात्र तो गावात हजर.

मुंबईकर मंडळ आणि गावकरी यांचं दर वर्षी एकदा तरी वाजतं. मुंबईकरांचं म्हणणं, पैसे आम्ही जास्त देतो, तर फड कोणता आणायचा ते आम्हाला विचारा. गावकऱ्यांचं म्हणणं, तुम्ही चार दिवस येता, मांडव आम्ही घालतो. दोघांचंही खरं असतं. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत लागलेली पोरं या भांडणात तिसरा पक्ष झाली आहेत. त्यांना शिफ्ट सुटत नाही, म्हणून काही गावांनी देवाचं जे आहे ते तिथीलाच ठेवलं आणि शर्यती-कुस्त्या येणाऱ्या रविवारी ढकलल्या. जुनी माणसं याला नाकं मुरडतात. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. माणसंच नसतील तर आखाडा कुणासाठी खणायचा?

कार्यक्रमपत्रिका गुलाबी कागदावर छापलेली असे, आता मोबाइलवर फिरते, पण तिचा मजकूर हलत नाही. पहाटे अभिषेक, मग मांडव डहाळे, म्हणजे बैलगाड्यांतून वाजतगाजत हिरव्या फांद्या आणून देवापुढे मांडव घालणं. दुपारी हारतुरे, शेरणी वाटप. रात्री पालखी आणि छबिना, दारूकाम, तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. पत्रिकेत जे छापत नाहीत ते चुलीवर असतं. एक दिवस गोडा, पुरणपोळीचा. एक दिवस खारा, मटणाचा. खाऱ्या दिवशी अख्ख्या गावावर मसाल्याचा एकच वास तरंगतो. माळकऱ्यांच्या घरी त्या दिवशी दार लोटून भजन चालतं, आणि माळकऱ्यांची पोरं शेजारच्या घरी जेवतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

या चुलीमागे कोण असतं हे वेगळं सांगायला नको. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, व्याही येतात, जावयाचे मित्र येतात. पंगतीवर पंगत उठते. यात्रा कुणाची, असं विचारलं तर गाव म्हणेल सगळ्यांची. पण कमिटीच्या यादीत बाईचं नाव बहुतेक ठिकाणी सापडत नाही. बाई सरपंच असली तर सत्काराचा नारळ तिच्या हातून देतात, सुपारी ठरवायला तिला जीपमध्ये घेत नाहीत. यात्रेतल्या बायकांचा खरा वेळ म्हणजे पाळण्यांपाशी आणि बांगड्यांच्या पालापाशी घालवलेला तास-दीड तास. त्या तासात माहेरच्या मैत्रिणी भेटतात, सासरची गाऱ्हाणी सांगून होतात, आणि पुढच्या वर्षीच्या एखाद्या लग्नाची बोलणीही तिथेच सुरू होतात.

आता बैलगाड्याचं. या भागातल्या शर्यती म्हणजे घाट. उताराची-चढाची आखलेली धाव, पुढे घोडी, मागे बैल आणि हलका गाडा. गाडे एकमेकांशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. एका बारीचा निकाल सेकंदांत लागतो. निमगाव दावडीच्या खंडोबाचा घाट यात मानाचा. गाडामालक बैलाला खारीक-बदाम-अंडी घालतो आणि स्वतः भाकरी खातो, हा विनोद इथे इतका जुना झाला आहे की त्यावर कुणी हसत नाही. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या बंदीच्या अधिसूचनेत बैलाचं नाव आलं, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं घाट ओस पडले. कित्येकांनी बैल विकले, काहींनी नुसते दारात बांधून पोसले. बंदी उठल्यावर शर्यत परत आली ती वेगळी होऊन. बक्षिसात मोटरसायकल, ट्रॅक्टर. घाटावर नेत्यांचे फ्लेक्स. युट्युबवर थेट प्रक्षेपण. परवानगीच्या अटींत बैलाला चाबूक लावायला मनाई आहे, डॉक्टरची तपासणी सक्तीची आहे. या अटी जिथे कमिटी स्वतः पाळते तिथे शर्यत बघण्यासारखी असते. जिथे पाळत नाही तिथे हा खेळ पुन्हा बंद पाडायला बाहेरच्या कुणाची गरज पडणार नाही.

कुस्त्यांबद्दल थोडक्यात. रेवड्यांवर लागणाऱ्या चिमुरड्यांच्या कुस्त्या आणि शेवटची मोठी कुस्ती, या दोन बघाव्यात. मधला वेळ सत्कारांत जातो. शाल, श्रीफळ, फेटा, आणि माइकवरून देणगीदारांची नावं. हलगीवाला बिचारा काठ्या हातात धरून थांबलेला असतो.

त्या हलगीवाल्यापाशी जरा थांबायला हवं. यात्रेत मान कुणाचा हे जातीने ठरत आलं. पालखीचा पहिला खांदा कुणाचा, काठी कुणाची, नैवेद्य कुणाचा आधी, याच्या वाटण्या पिढ्यांपूर्वी झाल्या. वाजवणारे आणि नाचणारे कोण, तेही तेव्हाच ठरलं. तमाशा उभा केला तो महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच मातीतला. भाऊंची मुलगी विठाबाई नारायणगावकर. भरल्या दिवसांत तमाशा चालू असताना त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. ती सांगताना लोक त्यांच्या धैर्याचं कौतुक करतात. मला तिच्यात दुसरंच दिसतं: त्या रात्रीचा खेळ थांबवता येण्याइतकी मोकळीक त्या बाईला नव्हती. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं.

फड दोन प्रकारचे. तंबूवाले मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात, तिकीट लावून खेळ करत फिरतात आणि यात्रांचा हंगाम धरून वैशाखात परततात. हंगामी फड फक्त चैत्र-वैशाखात जमतात. त्यातली माणसं उरलेलं वर्ष मोलमजुरी करतात, बँडमध्ये वाजवतात. दोन्हीकडे पैशाचं चक्र सारखंच. दसऱ्याआधी मालक व्याजाने रक्कम काढतो, कलावंतांना उचल देतो, ट्रक-जनरेटरची डागडुजी करतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांवर ते फेडतो. म्हणजे आठ महिन्यांच्या कर्जाचं उत्तर दीड-दोन महिन्यांत द्यायचं. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. राहुट्यांतल्या डायऱ्या कोऱ्या राहिल्या. पुढच्या वर्षीही तेच. लागोपाठ दोन हंगाम बुडाल्यावर काही मालकांनी गाड्या विकल्या, कलावंत भाजीच्या गाडीवर उभे राहिले. ज्यांच्या फडाने मराठी मुलखात नाव काढलं त्या कांताबाई सातारकर २०२१ च्या मे महिन्यात, त्या दुसऱ्या बुडीत हंगामाच्या शेवटी, गेल्या.

राहुट्या पुन्हा लागल्या आहेत, सुपाऱ्याही होतात. पण रात्र आखूड झाली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत बाराची सवलत देता येते, पण ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात संपतात. तमाशाची घडण मात्र उभ्या रात्रीची. आधी गण, मग गौळण, तीत मावशी आणि सोंगाड्याची बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र कलली की वग. वग म्हणजे नाटकच. राजा, दरोडेखोर, सती, पाटील, सगळा समाज त्यात येऊन भांडून जातो. आता पालखी निघून, सत्कार उरकून नऊला पडदा उघडतो, सिनेमाच्या चार गाण्यांवर शिट्ट्या पडतात आणि साडेदहाला पोलीस पाटलाचा फोन येतो. वग राहतोच. वीस-पंचवीस वर्षांच्या पोराला विचारलं तर तमाशा म्हणजे गाण्यांचा कार्यक्रम असंच तो सांगेल, कारण त्याने वग पाहिलेलाच नाही. मग त्याला तमाशा आणि लावणी शो सारखेच वाटतात, आणि शो अधिक झगमगीत असतो. नियम चुकीचा नाही. परीक्षेला बसलेली मुलं आणि आजारी म्हातारी गावातही असतात. पण पाच-सहा गावांनी ठरवून संध्याकाळी सहाला पडदा उघडला तर दहापर्यंत वग सहज बसतो. सत्कार दुपारी उरकावे लागतील, एवढंच. सकाळच्या हजेऱ्यांना बायका-मुलं समोर बसून तमाशा बघतात, तशी ती संध्याकाळीही बसतील.

उसात बिबट्या आहे, हेही रात्र आखूड होण्याचं एक कारण कानावर येतं. जुन्नरच्या बिबट्यांमुळे माणिकडोहला निवारा केंद्र झालं. रात्री वस्तीवर एकट्याने परतायची सोय राहिलेली नाही. दहा-वीस जण मिळून, मोबाइलचे दिवे लावून, मोठमोठ्याने बोलत घरी जातात. लवकर सुरू करायला तेवढं एक कारणही पुरे आहे.

यात्रा उलगल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा सभा बसते. जमाखर्च वाचला जातो. मांडव इतका, दारूकाम इतकं, कुस्त्यांची बक्षिसं इतकी, हलगी-सनई इतकी, शिल्लक इतकी. नारळाच्या पाच रुपयांवरूनही प्रश्न निघतात आणि उत्तर द्यावं लागतं. या उघड वाचनाचा मला मोठा आदर आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांत याच्या निम्माही चोखपणा दिसत नाही. या जमाखर्चात एक ओळ मात्र नीट बघायला हवी, तमाशाची. विसार दिलेला असतो, बाकीची रक्कम खेळानंतर द्यायची असते. पाऊस आला, टवाळ पोरांनी स्टेजवर दगड टाकला, पोलिसांनी लवकर बंद केलं, की कमिटी उरलेल्या रकमेत हात आखडते. पहाटे सामान ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी पोचायची घाई असलेला मालक भांडत बसू शकत नाही. मिळेल ते घेऊन निघतो, आणि तो तोटा शेवटी उचलीवर आलेल्या बाईच्या हिशेबात उतरतो.

येत्या चैत्रात तुम्ही गावच्या यात्रेला जाल, पट्टी द्याल, पालखीला खांदाही द्याल. जमाखर्चाच्या सभेपर्यंत थांबता येणार नसेल तर निघण्याआधी कमिटीच्या खजिनदाराला एवढं विचारा: फडाचे ठरलेले पैसे पुरते दिले का? नसतील दिले, तर तुमची पावती त्या ओळीखाली फाडायला सांगा.